कब्बूरची गिरकी

शामा : परत ऐक, बा. आता तरी खरं वाटतंय का सांग.

कब्बूर : ऐकलं. पण यात वाजवतंय कोण?

शामा : तूच. मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर बसवून तुझा एकेक ठोका घेतला होता ना, तेच या यंत्रात भरलेत सगळे. तुझा डावा हात जायच्या आधीचे.

कब्बूर : ठोके माझेच आहेत, ओळखले मी. माणूस कोण आहे ते विचारतोय.

शामा : म्हणजे काय आता?

कब्बूर : ती जागा परत लाव. कडवं संपतं आणि तू तिथे धडधडधड असं काहीतरी टाकलंयस, ती.

शामा : त्याला फिल म्हणतात.

कब्बूर : म्हणत असतील. आम्ही गिरकी म्हणतो. लाव. हं, थांब आता. माझे हात किती, बाळा?

शामा : बा, मी काय तू शाळेत शिकवायचास त्या पोरांमधली आहे?

कब्बूर : त्यांनाही हेच विचारायचो. सांग.

शामा : दोन. आत्ता चालतो एकच, पण दोन.

कब्बूर : डावा काय करतो?

शामा : बंदीर धरतो. डफासारख्या त्या चौकटीला भोक असतं, त्यात अंगठा.

कब्बूर : अंगठा अडकला, मग त्या हाताचं वाजतं काय?

शामा : बोटं. कडेकडेला, हलकी.

कब्बूर : आणि तू त्या हाताला काय करायला लावलंयस?

शामा : थांब, बघू दे. मधोमध दणका मारायला लावलाय. अरे देवा. आणि त्याच वेळी उजवा मधेही आहे आणि कडेलाही.

कब्बूर : तीन हात झाले. बंदीर कोणी धरलंय ते वेगळंच. मी लग्नात असा बसलो, तर बायका नवरीला सोडून मला बघायला येतील.

शामा : हसू नकोस. परवा शनिवारी लग्नात हे वाजवायचंय.

कब्बूर : हसत नाहीये. तुला जे दिसलं नाही ते हातांनी कधी केलेलं नाही म्हणून दिसलं नाही. आता हा चहाचा ट्रे घे मांडीवर, अंगठा त्याच्या कडीत अडकव आणि वाजवून बघ. जे तुला जमेल तेच यंत्राला दे.

शामा : असं?

कब्बूर : असंच. बघ, डावं बोट आलं की उजवा आपोआप हलका पडतो. एकाच हाताने दोन ठोके लागोपाठ मारलेस तर दुसरा मऊ येतो. तुझ्या यंत्रात सगळे सारखे. रांगेत उभे असलेले शिपाई.

शामा : दुसरा मऊ केला. हा पण. आता?

कब्बूर : आता जरा माणूस वाटतोय. पण हा माणूस घड्याळ बघून वाजवतोय.

शामा : तू गिरकीत थोडा पुढे धावतोस. टेपवर मोजलंय मी. ढकलू पुढे?

कब्बूर : ढकल. एवढं नको, चहा सांडेल. हां, तिथे ठेव. चांगलंय. चांगलं झालंय, शामा.

शामा : नाही झालं. हे सगळं जमेल हे मला माहीत होतं. खरा घोळ पुढेच आहे. ती कुठे टाकायची?

कब्बूर : टाक की कुठेही.

शामा : असं बोलू नकोस ना. तुझ्या सगळ्या जुन्या लग्नांच्या टेप ऐकल्या मी. एका लग्नात दुसऱ्या कडव्यानंतर गिरकी. पुढच्या लग्नात तेच गाणं, गाणारे तेच बूश्ताकाका, वाजवणारा तूच, आणि चौथ्या कडव्यापर्यंत काहीच नाही. त्या पिठाच्या गिरणीवाल्यांच्या लग्नात तर लागोपाठ दोन, आणि दुसरी संपता संपत नाही. मी म्हटलं, लोक नाचायला उठतात तेव्हा असेल. नाही. नवरी येते तेव्हा असेल. तेही नाही. शेवटी यंत्रालाच सांगितलं, तुला वाटेल तिथे वाजव. तर दारुडा बसवल्यासारखं झालं.

कब्बूर : मनात येतं, वाजवतो.

शामा : मनात काय बघून येतं?

कब्बूर : आता काय सांगणार? आलं की आलं.

शामा : हात किती ते मला खोदून खोदून विचारतोस, आणि मी एक साधी गोष्ट विचारली तर आलं की आलं. बा, बूश्ताकाका सरळ म्हणालेत. एल जदिदा गावचा तो नवा बंदीरवाला पोरगा तयार होता, त्याला यांनी नाही म्हणून सांगितलं. कब्बूरच्या जागी दुसरा माणूस बसलेला मला बघवणार नाही, म्हणाले. वाजतील तर त्याचेच ठोके वाजतील, नाही जमलं तर शनिवारचं लग्न शेवटचं, मग मी पण व्हायोलिन भिंतीला टांगतो. तुमची जोडी माझ्यामुळे मोडायला नको मला.

कब्बूर : तुझ्यामुळे काय मोडणार? चहा घे, गार होतोय.

शामा : तू टाळतोयस.

कब्बूर : दार वाजलं. तोच असणार.

बूश्ता : कोण मेलंय इथे? जिन्यात ऐकतोय मी, तोच एक तुकडा वाजतोय तासभर. सार्डिन आणलेत, गरम आहेत, धर पोरी. आज बंदरावर असा माल उतरलाय की मांजरंसुद्धा नको म्हणतायत. कसा आहेस रे कब्बूर?

कब्बूर : बरा. बस.

बूश्ता : बसतोच आहे. काय म्हणतंय तुझं पेटारं, शामा? झाला का तुझा बाप त्यात शिरून?

शामा : ठोके झालेत, काका. हातही दोनच ठेवलेत. गिरकी कुठे यायला हवी ते कळत नाहीये. तुम्ही तरी सांगा, बा कधी घेतो गिरकी?

बूश्ता : मला विचारतेस? पोरी, इतकी वर्षं याच्या शेजारी बसलो, वल्ला, शपथेवर सांगतो, मला अजून कळलेलं नाही. मी छान रंगात आलेलो असतो आणि याला मधेच लहर येते. गरगरगर सुरू. एकदा त्या काझीच्या लग्नात मी तोंड उघडलं, आणि हा सुटला. केवढा वेळ. बायका जीभ हलवून लूलू करतायत, लोक टाळ्या पिटतायत आणि मी आपला गज ओढत बसलोय.

शामा : मग तुम्ही काही बोलला नाहीत?

बूश्ता : बोललो नाही? गाडीत घरी येईपर्यंत बोललो. याला काही आहे का त्याचं? खिडकीतून बाहेर बघत बसला. स्वभावच तसा. पण एक सांगतो, हातात गोडवा आहे, म्हणून सहन केलं.

कब्बूर : सार्डिनला मीठ बेताचंच आहे.

बूश्ता : बघ. असं. विषयच बदलतो.

शामा : काका, मग तुम्हाला चालेल तिथे टाकते मी. दर दोन कडव्यांनंतर एकेक. नियमाने.

बूश्ता : उत्तम. कडक काम. निदान शेवटच्या लग्नात तरी मला माझं गाणं सलग गाऊ देत.

कब्बूर : शेवटचं कशाला म्हणतोस?

बूश्ता : तोंडातून गेलं. लाव पोरी. ते घोडेस्वारांचं घेऊ, मोठं आहे, सगळा अंदाज येईल. व्हायोलिन काढतो.

कब्बूर : बूश्ता, आज राहू दे. घसा बसलाय तुझा.

बूश्ता : माझा घसा? मासळी खाऊन आलोय मी. मधला माजघराचा पडदा बाजूला कर गं, तुझ्या आईला आणि त्या शेजारणींना ऐकू दे. समोर माणसं असली की मला गाण्याचा जोर येतो. लाव.

(शामा यंत्र सुरू करते. बूश्ता व्हायोलिन गुडघ्यावर उभं धरून गातो. दुसऱ्या कडव्यानंतर नेमलेली गिरकी येऊन जाते. तिसरं कडवं संपतं, बूश्ता बायकांकडे बघून हसतो, गज लांबवतो. पुढची ओळ येत नाही. यंत्र वाजत राहतं, मग शामा ते बंद करते.)

बूश्ता : काय झालं याला?

शामा : यंत्र तर नीट चालू होतं, काका.

बूश्ता : नाही, नाही. काहीतरी झालं. घोडे पाण्यावर आले, लगाम सैल झाले, आणि मग... मग पुढे... अरे, पुढचं कडवं काय आहे? कब्बूर, मी हे माझ्या बापाच्या मांडीवर शिकलो.

कब्बूर : यंत्रच थोडं मागे पडलं. मला ऐकू आलं.

बूश्ता : मागे पडलं ना? मला तेच वाटलं. असं कधी झालेलं नाही माझं. हजार लग्नं केली असतील, कधी अडकलो का? तू सांग. तू होतास शेजारी.

कब्बूर : कधीच नाही.

बूश्ता : तेच तर. पण आत्ता काय झालं, कळत नाही. समोर नुसती भिंत आली. पुढे पाऊल टाकायला गेलो आणि पायरीच नाही. शनिवारी असं झालं तर? सगळं साफी शहर येणार आहे तिथे, कब्बूर.

कब्बूर : शनिवारी होणार नाही. अजान झाली, जाऊन ये मशिदीत. तोंडावर पाणी मार. आल्यावर परत घेऊ.

बूश्ता : जातो. पोरी, ते तुझं पेटारं नीट बघ जरा. काहीतरी चुकतंय त्यात.

शामा : बघते, काका.

कब्बूर : गेला का?

शामा : खाली पोहोचले. बा.

कब्बूर : पडदा ओढ आधी. आई ऐकेल.

शामा : बा, गिरणीवाल्यांच्या टेपमध्ये पहिली गिरकी इथेच आहे. याच कडव्यानंतर. आणि दुसरी तिला चिकटून, लांबलचक, कारण काकांना तरीही ओळ आठवली नव्हती. मी सगळ्या टेपमध्ये तुझं मन शोधत बसले होते.

कब्बूर : हळू बोल.

शामा : प्रत्येक वेळी?

कब्बूर : प्रत्येक वेळी नाही. कधी कधी खरंच लहर यायची.

शामा : कधीपासून विसरतात ते?

कब्बूर : पहिल्यापासून. म्हातारपण नाही ते. घरी म्हणायला सांग, एक अक्षर चुकणार नाही. समोर माणसं दिसली की एखादं कडवं निसटतं. कुठलं निसटेल ते त्यालाही ठाऊक नसतं.

शामा : आणि त्यांना हे माहीतच नाही?

कब्बूर : त्याला वाटतं, मी मधे घुसलो म्हणून तो थांबला. गिरकी संपेपर्यंत ओळ आलेली असते. आली की तो मला डोळे वटारून दाखवतो आणि गायला लागतो.

शामा : आणि वर गाडीत तुलाच बोलणी. सांगितलं का नाहीस कधी?

कब्बूर : सांगून काय झालं असतं? दुसऱ्या दिवसापासून तो गायला बसला नसता, आठवायला बसला असता.

शामा : मलाही सांगणार नव्हतास. सकाळपासून मी डोकं आपटतेय.

कब्बूर : त्याची गोष्ट होती ती, माझी नव्हती. आणि वाटलं, तू नियमाने टाकशील, नशिबाने एखादी बरोबर पडेल. चूक झाली माझी. असं नशिबावर सोडायला नको होतं.

शामा : मग आता काय करायचं? हे मी आधी बसवूच शकत नाही. यंत्राला कसं कळणार ते कधी विसरले?

कब्बूर : यंत्राला नाही कळणार. तुला कळेल. ती गिरकी तुझ्या बोटाखाली ठेवता येते का? दाबली की वाजली, असं?

शामा : येते. पण किती लांब? पाच सेकंद की...

कब्बूर : लहान एक कर, मोठी एक कर. आणि अशी एक, जी फिरत राहील आणि तू सांगशील तेव्हा उतरेल. हात मात्र दोनच.

शामा : आणि दाबायची कधी? मघाशी काय दिसलं तुला, जे मला दिसलं नाही?

कब्बूर : तू सांग. काय केलं त्याने?

शामा : गज लांब ओढला.

कब्बूर : त्याआधी?

शामा : त्याआधी... हसले. बायकांकडे बघून.

कब्बूर : ओळ पाठ असली की बूश्ता कधी हसत नाही, कपाळाला आठ्या असतात. हसला की समज, गेली. लोक म्हणतात, किती आनंदाने गातो.

शामा : आणि आठवल्यावर?

कब्बूर : खांदे वर येतात. श्वास घेतो. तिथे उतर, त्याच्या तोंडातून शब्द निघायच्या आधी. उशीर झाला तर तो अडखळेल, लवकर उतरलीस तर परत उघडा पडेल.

शामा : बा, मला भीती वाटते. तुला वाजवणं आणि त्यांना बघणं, दोन्ही सांभाळायची सवय आहे. मला यंत्राचा पडदा बघायची सवय आहे.

कब्बूर : माहीत आहे. मी असेन ना समोर. पहिल्या रांगेत बसवायला सांग मला. पण माझ्याकडे बघू नकोस, मला बघायला लागलीस की त्याचं हसू चुकेल.

शामा : आणि मी चुकले तर? त्यांनी सगळ्यांसमोर मलाच सुनावलं तर?

कब्बूर : सुनावेल तो. ऐकून घ्यायचं.

शामा : आलेच ते. जिन्यात आहेत.

बूश्ता : काय, सापडलं का काही? सगळी नमाज माझं लक्ष त्या कडव्यावर, अल्ला माफ करो. मशिदीतून निघालो आणि दुसऱ्या पायरीवर आठवलं बघ. म्हणजे माझं नव्हतंच काही. त्या पेटाऱ्यातच होतं ना?

शामा : सापडलं, काका. पेटाऱ्यात नव्हतं. माझंच चुकलं होतं. चुकीच्या जागी हात होता माझा.

बूश्ता : वाटलंच मला. असू दे गं, लहान आहेस, होतं असं. चल, पहिल्यापासून घेऊ.