मिरच्यांचा धूर

माझं बोलणं तिखट का, विचारतेस ना? ऐक. धुळ्याचं सासर, मला तिसरा महिना, आणि वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजायच्या होत्या. वास नाकात गेला की मी परसात धावायची. चौथ्यांदा ओकून आले तशा सासूबाई कडाडल्या, "हाई बठ्ठं नाटक शे! सगळं नाटक! चार बाळंतपणं झाली माझी, एकदा ओकले नाही!"

ओसरीवरून माझे सासरे, आबा, म्हणाले, "अगं, थोरल्याच्या वेळी माझ्या चिलमीच्या वासानं तू ओकायचीस. तीन महिने गोठ्यात बसून ओढली मी."

मी पदर सावरला, उलथनं सासूबाईंच्या हातात दिलं आणि म्हटलं, "आबांची चिलीम तीन महिने गोठ्यात होती ना? मग माझ्या मिरच्या तीन महिने तुमच्याकडे. हलवा, करपतायत."