नुसतं देवगाव

दि. ६ फेब्रुवारी २०२४

मी शेख गयास शेख कय्युम, वय ४७ वर्षे, धंदा वेल्डिंग, रा. देवगाव, ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास माझी बायको बिल्किस, वय ४१, हिच्या छातीत कळ आली. गावातल्या डॉक्टरांनी लगेच शहरात हलवायला सांगितले. शेजारी बद्रीनाथ यांनी टेम्पो दारात आणला. रुग्णवाहिकेत ऑक्सिजन असतो म्हणून मी टेम्पो परत पाठवला आणि ११.१० वाजता १०८ ला फोन लावला. हे शहाणपण माझेच.

पलीकडच्या बाईंनी गाव विचारले. मी म्हणालो, "देवगाव." त्यांनी विचारले, "कोणतं देवगाव?" मी म्हणालो, "अवं, देवगाव म्हंजी देवगाव. सगळ्यायला म्हाईत हाय." त्या तालुका विचारत असताना मी फोन ठेवला. ते रेकॉर्डिंग आज मला ऐकवले. आवाज माझाच आहे.

११.४५ वाजता चालकाचा फोन आला. म्हणाला, "मारुतीपाशी उभाय, या." मी म्हणालो, "मी बी मारुतीपाशीच हाय." तो पैठण तालुक्यातल्या देवगावात होता. मारुती कोणत्या गावात नसतो? पाच मिनिटे आम्ही आपापल्या मारुतीपाशी उभे राहून एकमेकांना आंधळे ठरवत होतो.

मग जवळची दुसरी गाडी निघाली. चालक बन्सी वाघचौरे यांनी ती वीस मिनिटांत आणली. त्याच्या थोडे आधी बिल्किस गेली होती. गाडीला तासभर उशीर झाला म्हणून माझा मेहुणा फारूख याने बन्सी यांना दगड मारला. त्यांच्या डोक्याला तीन टाके पडले.

माझ्या लहानपणी गावात तात्यासाहेबांची एकच जीप होती. अम्माला दवाखान्यात तिच्यातूनच नेले. त्या ड्रायव्हरला पत्ता सांगावा लागला नाही, रडणे ऐकून तो दारात आला. आता गाडीत सगळे असते, फक्त गाव नीट सांगावे लागते. आमचे आजोबा कापड रंगवायचे. गावाच्या नावातला रंगारी आमचाच, असे ते मिरवायचे. तोच शब्द मी गिळला.

चालक दारू प्यालेला होता असे लिहून दे, फारूख सुटेल, असे भाऊबंद म्हणतात. मी तसे सांगणार नाही. बन्सी शुद्धीत होते. दगड मारायचाच होता तर मी तिथेच उभा होतो.

जबाब मला वाचून दाखवला. वर पत्त्यात नुसते 'देवगाव' पडले आहे, ते 'देवगाव रंगारी' असे वाचावे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.