दुसरी खेप

"काका, तुमच्या ट्रकमधनं एवढा काळा धूर का निघतो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून खालापूरच्या नाक्यावर कुंदाने बेधडक विचारलं. ड्रायव्हर येसाजीने मानही वर केली नाही. उत्तर आलं ते बॉनेटखालून, धाकलू मेकॅनिकचं.

"टर्बोचा रबरी पाइप फाटलाय, पोरी. हवा इंजिनात जायच्याऐवजी बाहेर जाते. येसाजी, हा तिसरा पाइप! टर्बोच्या या बारीक नळीत खुंटी कुनी ठोकली रं?"

"मीच. घाटात जोर मिळावा म्हनून. समदेच ठोकत्यात."

"अरं, जादा हवा सोडून द्यायची वाट हाय ती! ती बुजवल्यावर पाइप फाटंल नायतर काय हुईल?"

"मग काढ खुंटी."

"काढतो. पन मग खच्चून भरलेली गाडी घाट चढायची नाय. उद्या काय न्यायचंय?"

"श्रीपतरावांच्या पोराचं वऱ्हाड, लोनावळ्याला."

"दोन खेपा कर."

"दुसऱ्या खेपेला बसंल कोन? ज्याला मागं ठेवावं, तो रुसतो. दमलो बाबा. ऱ्हाऊ दे ती खुंटी."

"आनि पाइप फाटून वऱ्हाडासकट गाडी घाटात मागं सरकली तर?"

श्रीपतराव म्हणजे कुंदाचेच बाबा. हे तर आपल्याच घरचं वऱ्हाड, हे लक्षात येताच ती वळली. मैत्रिणी हाका मारत राहिल्या, पण ती तडक घरी गेली.

"आई, बाबा, ऐका. उद्या दादाचं वऱ्हाड दोन खेपांत जाणार. आणि करवली, म्हणजे मी, दुसऱ्या खेपेला बसणार. आता कोण रुसतंय तेच बघते!"