झाकणाआतली मासोळी

घड्याळजींच्या दुकानात रांगेतल्या बाईच्या कानावर पुढच्या आजींचं बोलणं पडत होतं.

"आजी, चांदीचं आहे, नक्षीही सुरेख आहे. पण हे बंद पडलेलं खिशातलं घड्याळ विकत कशाला घेतलंत?"

"आधी मागचं झाकण उघडा. आत बारीकशी मासोळी कोरलीय का बघा. माझे डोळे आता दगा देतात."

"आहे की! दुरुस्त करणाऱ्याची खूण ती. आम्ही सगळेच करतो."

"माझ्या बाबांची आहे. आजवर किती जणांना घड्याळं उघडायला लावली मी!"

"मग हे चालू करतोच. मासोळीशेजारी माझी खूण कोरू का?"

"कोरा की. पण जरा अंतर ठेवून, हं. काम करताना कुणी खेटून बसलं की बाबा ओरडायचे. मीसुद्धा लांबूनच बघायचे."