पानावरचा सुकलाल

मंडळी, देवाचं नाव घ्या आणि जरा पुढं सरका. खांबाला टेकून पेंगणाऱ्यांनीही ऐका — गोष्ट तुमचीच आहे! एक विचारते. भुकेल्याला भाकरी दिली, म्हणजे आपलं काम संपलं का? लगेच माना हलवू नका.

तापीकाठी एक बाजारगाव होतं. तिथल्या बायकांचा नेम होता — रोज प्रत्येक चुलीवर एक भाकरी जास्तीची. टोपलं घरोघर फिरायचं आणि दुपारी बाजारातल्या पत्र्याच्या शेडात, ज्यांना घर ना दार, त्यांची पंगत बसायची. नेम सुरू केला कौतिकबाईनं. बाई कशी? हात सढळ, मान ताठ, आणि जीभ म्हणजे विळीची धार! हसता काय? तुमच्या घरात नाही का एक?

त्या शेडात सुकलाल आणि झेलाबाई हे म्हातारं जोडपं राहायला आलं. पुरानं घर नेलं, उरली एक झोळी. कौतिकबाई रोज वाढायची. पण कुठले, कोण, कधी विचारलं नाही. वाढलं की टोपलं उचलून चालती व्हायची.

एका सकाळी सुनेनं तान्हं पोर उंबऱ्याशी ठेवलेलं तिनं पाहिलं आणि कडाडली, की असं टाकशील तर शेडातला झोळीवाला उचलून नेईल एक दिवस. बोलली आणि विसरली. आपण सासवा अशाच! पण सून घाबरली. तिनं नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं पानटपरीवर, तिथून ते मोबाइलवर चढलं. दुपारपर्यंत बाजारभर एकच — शेडात पोरं पळवणारे उतरलेत. कुणाचं पोर हरवलं होतं? कुणाचंच नाही! पण विचारतो कोण?

कौतिकबाई शेडात वाढत होती. एक शटर खाली पडलं. मग दुसरं. मग ओळीनं सगळी. तिनं मान वर केली, तर समोर गाव उभं. काठ्या, पहारी, लोखंडी गज. सगळ्यांत पुढं तिचाच लेक, रतिलाल. माणसं सगळी ओळखीची, पण चेहरा एकही ओळखू येईना.

"आई, बाजूला हो," रतिलाल म्हणाला. "त्याला बाहेर काढायचंय."

झेलाबाईनं नवऱ्याचा सदरा मुठीत धरला होता. पंगतीतले बाकीचे मागच्या बाजूनं केव्हाच निसटले होते. कौतिकबाईची नजर सुकलालच्या पानावर गेली. त्या गावात एक रीत होती, मंडळी — वैरी असो, चोर असो, पानावर बसलेल्याला उठवायचं नाही.

"जेवतोय तो," ती म्हणाली. "पान संपू दे."

काठ्या खाली आल्या नाहीत, पण थांबल्या. तिनं गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या शेजारणीला डोळ्यानं पोलीस चौकीकडं खुणावलं आणि वाढत राहिली. एक भाकरी. आणखी एक. सुकलालला घास गिळवेना. जन्मभर उपाशी राहिलेला माणूस — आज पोट भरायला भीत होता! ती वाकून पुटपुटली, "खा बाबा. हळू खा. पण थांबू नको."

टोपलं रिकामं झालं. गर्दी एक पाऊल पुढं आली. पत्र्यावर दगड आपटला.

तेव्हा कौतिकबाईनं एक पान ओढलं आणि सुकलालच्या शेजारी मांडी घातली. ती गर्दीला म्हणाली, "पोरं पळवायची गोष्ट माझी. सुनेला टोचायला बोलले. या माणसाचं तोंडही मी कधी नीट पाहिलं नव्हतं. आधी मला उठवा."

कुणी हललं नाही. काठीही कुणी टाकली नाही. जीप येईपर्यंत ती रिकाम्या पानावर तशीच बसून राहिली. पोलिसांनी त्या म्हाताऱ्या नवरा-बायकोला उचलून जीपमध्ये घातलं. झेलाबाईनं वळून पाहिलंसुद्धा नाही.

जीव वाचला. झालं, म्हणाल! नाही हो. दुसऱ्या दिवशी कौतिकबाई भरलं टोपलं घेऊन शेडाकडं निघाली. तिथं उरलेल्या चार-पाच जणांनी तिला लांबून पाहिलं — आणि उपाशी माणसं, मंडळी, भाकरी पाहून पळाली.

बोला आता, काम संपलं होतं का? या देवळाच्या पायरीवर एक म्हातारी बसते. तुम्ही सगळ्यांनी तिला खाऊ घातलंय, मला ठाऊक आहे. तिचं नाव काय? पुढच्या ओळीतल्यांनी सांगा. मागच्यांनी सांगा.

सांगा, मी थांबलेय.