अलंकारांची चौथी आवृत्ती

बायको : पुढचं वाचते. पान सत्तावीस. ‘अपन्हुती. म्हणजे उपमेय साफ नाकारून ते उपमानच आहे असे ठासून सांगणे. उदाहरण : हे घर नव्हे, वह्यांचे गोदाम आहे.’ अहो, हे वाक्य माझं आहे.

सर : कुणाचंही असू शकतं. तू फक्त छपाईच्या चुका बघ. चार वाजता प्रेसवाला येईल प्रुफं न्यायला.

बायको : जेवायच्या टेबलावर तुम्ही शाळेच्या वह्या रचल्या होत्या आणि मी ताट मांडीवर घेऊन जेवत होते, तेव्हा म्हणाले होते मी.

सर : असेल. चांगलं वाक्य आहे. पुढे.

बायको : ‘उपमा. काही पाहुणे डिंकासारखे चिकटून बसतात. उपमेय : पाहुणे. उपमान : डिंक.’ पाहुणे कसले? मी ‘तुमची बहीण’ म्हणाले होते.

सर : अगं, पाठ्यपुस्तकात बहीण कशी घालणार? तिची नात यंदा दहावीला आहे. हेच पुस्तक वापरते.

बायको : तरीच वन्सं हल्ली दोनच दिवस राहतात! चला, साहित्याचा काहीतरी उपयोग झाला. पुढे, ‘अतिशयोक्ती. गळका नळ दुरुस्त होण्याची वाट पाहता पाहता न्हाणीघरात तलाव झाला आणि त्यात होड्या चालू लागल्या.’

सर : हे मुलांना फार आवडतं.

बायको : आवडणारच. त्यांच्या घरचे नळ दुरुस्त असतील. आपला अजून गळतोय. म्हणजे अतिशयोक्ती तरी कुठे राहिली? आणि हे बघा, ‘अनन्वय. ज्याला तुलनाच सापडत नाही, त्याची तुलना त्याच्याशीच. उदाहरण : तुमच्यासारखे तुम्हीच.’

सर : ते कुणीही म्हणतं.

बायको : मुलीला शाळेत विसरून तिची छत्री तेवढी घरी घेऊन आलात, त्या दिवशी मी म्हणाले होते. किती जणांच्या बायकांवर अशी वेळ आलीय?

सर : पाऊस थांबला होता. छत्री विसरली जाते म्हणून मी मुद्दाम लक्षात ठेवली.

बायको : लिहून घ्या हे. विनोदाच्या पाठात चालेल.

सर : डोळ्याला पट्टी आहे, नाहीतर घेतलं असतं.

बायको : बरं झालं मोतीबिंदू झाला तुम्हाला. नाहीतर ही चौथी आवृत्तीही तुम्हीच वाचून दिली असती आणि मला मरेपर्यंत कळलं नसतं, की घरात नवरा नाही, वही घेऊन बसलेला चोर आहे.

सर : अपन्हुती! बघ, किती सहज येतं तुला. मी तासभर डोकं खाजवतो तेव्हा एक सुचतं.

बायको : मस्का नको. ‘व्याजस्तुती. वरवर स्तुती, आतून निंदा. काय आपली तत्परता! आपण मला न्यायला रुग्णालयात पोहोचलात, तोवर मी चालत घरी पोहोचले होते.’ तीन टाके होते मला तेव्हा.

सर : ठाऊक आहे मला.

बायको : टाके नाही छापलेत ते?

सर : उदाहरण आटोपशीर असावं लागतं.

बायको : वा! आता प्रस्तावना. मुख्याध्यापकांचे आभार. प्रेसचे आभार. पुठ्ठा चिकटवणाऱ्याचे आभार. ‘आणि ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष साहाय्य केले त्या सर्वांचे.’ मी यातली कोण? प्रत्यक्ष की अप्रत्यक्ष?

सर : तू घरातली. घरच्यांचे कुणी आभार मानतं का?

बायको : घरच्यांचे टोमणे मात्र छापतात. थांबा. पान एकतीस. ‘चेतनगुणोक्ती. निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असे वर्णन. या घरात दिवसभर माझ्याशी बोलतो तो एकटा कुकर.’

सर : ते छान आहे.

बायको : हे मी कुणाला म्हणाले नव्हते.

सर : म्हणालीस की. स्वयंपाकघरात.

बायको : एकटीच होते मी. मुलगी लग्न होऊन गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी. रडत होते. तुम्ही कुठे होतात?

सर : दारात.

बायको : ऐकलंत?

सर : हो.

बायको : आणि आत आला नाहीत.

सर : आत येणारच होतो. वाक्य निसटेल म्हणून आधी वही आणायला गेलो. परत आलो तर तू भांडी घासायला लागली होतीस.

बायको : मला इतकी वर्षं वाटत होतं, तुम्हाला ऐकूच गेलं नाही. त्यावर मी समाधान मानत होते हो. ऐकलं असतं तर आला असता, असं. फार वाईट वाटलं मला आज. खरंच सांगते.

सर : चुकलंच माझं.

बायको : माझं नाव घाला पुस्तकावर.

सर : आता? मुखपृष्ठ छापून झालंय गं. हवं तर अर्पणपत्रिका टाकतो. ‘सहधर्मचारिणीस.’

बायको : म्हणजे नाव तिथेही नाहीच. ठीक आहे. लाल पेन आहे माझ्या हातात. अपन्हुती, काट. अनन्वय, काट. व्याजस्तुती, काट.

सर : अगं, काय करतेस! परीक्षा तोंडावर आलीय, मुलं खोळंबलीत!

बायको : तुमची शिल्लक आहेत ना. वाचू? ‘तिचे मुख चंद्रासारखे आहे. तिचे मुख जणू चंद्रच. तिचा मुखचंद्र.’ एकच चंद्र तीन पानं पुरवलाय. आणि कोण ही बाई?

(दारावर थाप. प्रेसवाला आत येतो.)

प्रेसवाला : झाली का प्रुफं, सर? अरे बापरे, हे काय? सगळं पुस्तकच लाल!

बायको : चुका फार होत्या. मुखपृष्ठ कसं झालंय हो छापून?

प्रेसवाला : मुखपृष्ठ? ते कुठं छापलंय, वहिनी? कसं हवं ते सरांनी अजून सांगितलंच नाही. मी आठ दिवस विचारतोय.

बायको : असं? सर, हे कशाचं उदाहरण?

सर : थापेचं.

बायको : व्याख्या सांगू की तुम्ही सांगता?

सर : नको. अहो, ऐका. ती लाल काट सोडून द्या. सगळं होतं तसं छापा. फक्त कुकरचं वाक्य काढा.

बायको : ते राहू दे. चांगलं आहे, तुम्हीच म्हणालात. पण माझं म्हणून राहू दे.

प्रेसवाला : मला काही कळेना. काढू की ठेवू?

सर : ठेवा. आणि मुखपृष्ठावर दोन नावं घ्या. व्याख्या माझ्या, उदाहरणं हिची. दोन्ही नावं एकाच मापात.

प्रेसवाला : अरे वा! वहिनी लिहितात हे माहीतच नव्हतं.

बायको : मलाही आजच कळलं.

प्रेसवाला : सांगा, लिहून घेतो. तीन आवृत्त्या छापल्या, चहा प्यालो इथे शंभरदा, पण तुमचं नाव काय ते ठाऊकच नाही बघा. नावापुढे सरांचं नाव लावायचं ना?

बायको : नको. त्यांचं एकदा येतंय, तेवढं पुरे.