फोटोपुरता कचरा

अरे, परदेशातून शिकून आले ना, तेव्हा कंपनीत स्वच्छता मोहिमेचा हट्ट माझाच होता. पहिल्याच रविवारी आम्ही सगळे नवे झाडू घेऊन कबनूरच्या शाळेत पोचलो, तर अंगण लख्ख! पावणं येणार म्हणून तिथल्या बायकांनी पहाटेच झाडून, सडा टाकून रांगोळी काढलेली.

मॅनेजर वैतागले. “आता वेबसाइटवर काय टाकायचं?”

त्यांनी मागच्या उकिरड्यातून पाटीभर कचरा आणवला आणि अंगणात ओतवला.

“सर, रांगोळी...” मी म्हणाले.

“ती फोटोत येत नाही. तू झाडू धर आणि हस.”

मी हसले.

निघताना एक मावशी ओशाळून बसच्या खिडकीशी आली. “चुकलं बघा आमचं. पुढच्या खेपंला आधी सांगा की, आम्ही झाडतच न्हाय.”